नानांची पाटी

॥ श्री ॥

नारायण पेठ, पुणे
१८ ऑगस्ट २००२

चि. सौ. शालूस,
वहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तू शेजारणीच्या सासूबाईंबरोबर पाठवलेलं पाकीट पोचलं. चॉकलेटं तुझ्या दादाने चव बघतो म्हणून बघता बघता संपवली. राहिले ते पातळ प्लॅस्टिकचे कागद. मला वाटलं, वह्यांना घालायची कव्हरं असतील. ऋतुजाच्या भूगोलाच्या पुस्तकाला मी त्यातलं एक घालूनही टाकलं होतं. मग तिने पाकिटावरचं इंग्रजी वाचून दाखवलं की आई, हे कव्हर नाही, यावर चित्र काढायचं, रंगवायचं, कापायचं आणि भाजायचं, म्हणजे ते आकसून छोटं आणि जाड होतं. शालू, अमेरिकेत माणसं वेळ कसा घालवतात हे मला आज कळलं.

गणपती तोंडावर आलेत, म्हणून तिने मोदक घेतलेला उंदीर काढला. पॉलिश पेपरने कागद घासला, रंगीत पेन्सिलींनी उंदीर रंगवला आणि आम्ही तो नानखटाईच्या गोल ओव्हनमध्ये ठेवला. झाकणाच्या काचेतून दोघी बघत होतो. जरा वेळाने उंदीर शेपटीकडून उठला आणि भाजलेल्या पापडासारखा वळायला लागला. मी घाबरून प्लग उपटला आणि सांडशीने त्याला बाहेर ओढला. जे निघालं ते उताणं पडलेल्या झुरळासारखं दिसत होतं. ऋतुजा रडायला लागली. नानांनी चष्मा लावून ते निरखलं आणि म्हणाले की सोसायटीच्या माजी खजिनदारांचं चित्र फार हुबेहूब उतरलं आहे. तेव्हा कुठे ती हसली.

आता खरं कारण लिहिते. नाना परवा संध्याकाळी नेहमीप्रमाणे ओंकारेश्वराकडे फिरायला गेले ते दिवेलागण होऊन गेली तरी आले नाहीत. हे स्कूटर काढून शोधायला निघणार, तेवढ्यात रिक्षा आली. कसबा पेठेत हार विकणाऱ्या सरुबाई त्यांना घेऊन आल्या होत्या. त्या सांगत होत्या की हे बाबा कोपऱ्यावर उभे राहून कितीतरी वेळ चारी रस्त्यांकडे बघत होते, शेवटी त्यांनीच हाताला धरून विचारत विचारत घर काढलं. नानांनी मात्र सांगितलं की कसब्यातल्या पाट्या वाचत होतो, शुद्धलेखन फार बिघडलंय.

गेल्या काही महिन्यांत असं बारीकसारीक होतच होतं, पण रस्ता चुकण्यापर्यंत गेलं नव्हतं. तुझा दादा आता हट्टाला पेटलाय की दाराच्या जाळीला बाहेरून कुलूप लावायचं. मी सकाळी बालवाडीत, ते कचेरीत, ऋतुजा शाळेत. त्या वेळात नाना निघून गेले तर काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं असं, की नानांचं फिरणं बंद केलं तर ते वर्षाच्या आत अंथरूण धरतील. आम्ही दोघंही बरोबर आहोत, म्हणून तर भांडण मिटत नाही. शेवटी एवढं ठरलं, की दिवाळीपर्यंत थांबायचं. तोवर पुन्हा हरवले तर कुलूप.

तू तिथे उगाच जीव टांगणीला लावून बसू नकोस. उंदीर सरळ कसा करायचा ते मात्र कळव. अभिनवरावांना नमस्कार, ऋषीला पापा. लोभ आहेच, तो वाढव. वजन वाढवू नकोस.

तुझी,
रुपालीवहिनी

एडिसन, न्यू जर्सी
३ सप्टेंबर २००२

ती. सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हसत वाचायला घेतलं आणि मधेच खुर्ची ओढून बसले. अभिनव म्हणतो, हे सगळं ई-मेलने का लिहीत नाही तुम्ही? त्याला काय सांगू, नाना रस्ता चुकल्याची बातमी मला कंपनीतल्या पडद्यावर वाचायची नाहीये.

आधी उंदीर. वहिनी, ते वळतंच. प्रत्येक वेळी वळतं, आणि दर वेळी वाटतं की आता गेलं. त्याला हात लावायचा नाही, ओव्हन बंद करायचा नाही. थांबलीस की ते आपलं आपण सपाट होऊन पडतं. मग बाहेर काढून गरम असतानाच वर वाटीचं बूड दाबायचं. रंग फिकट दे, आकसल्यावर गडद होतात. आणि अडकवायचं असेल तर भोक भाजायच्या आधी पाड. नंतर पाडायला गेलीस तर तडकेल.

यावरूनच सुचलं. इथे मुलांच्या दप्तरांना असे बिल्ले लावतात, नाव आणि फोन लिहिलेले. नानांच्या पिशवीला एक करून लाव ना. खिशातली चिठ्ठी धुण्यात जाते, हे भिजत नाही, फाटत नाही. निदान कुणी वाचून फोन तरी करेल.

मला यायचं आहे, वहिनी. पण आमचे ग्रीन कार्डाचे कागद अजून सरकारी खिडकीत अडकलेत, वकील म्हणतो की ते हातात येईपर्यंत देश सोडू नका, बाहेर पडलात तर परत येणं कठीण होईल. गेल्या वर्षीही हेच म्हणाला होता. ऋषीला नाना फोटोतले माहीत आहेत. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते, मग कळतं की कुणीतरी गालिचे विकतंय.

दादाला नमस्कार. तू आहेस म्हणून मी इथे झोपू शकते, हे तुला कधी तोंडावर सांगितलं नव्हतं. अशीच माया राहू दे.

तुझी,
शालू

॥ श्री ॥

नारायण पेठ, पुणे
२३ सप्टेंबर २००२

चि. सौ. शालूस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

गणपती छान झाले. नवा उंदीर सपाट झाला, मखराला लटकला, आणि आलेल्या प्रत्येक बाईने कुठून आणलास म्हणून विचारलं. मी मान ताठ ठेवून घरीच भाजला म्हणून सांगितलं.

बिल्ल्याचं मात्र रामायण झालं. पहिल्या बिल्ल्यावर मी माझ्या सुंदर अक्षरात नाव, पत्ता आणि फोन लिहिला. भाजून निघाल्यावर अक्षरं मुंगीच्या पायाएवढी झाली. आकसणार हे माहीत असूनही मी लिहिताना नेहमीसारखंच लिहिलं, याला काय म्हणावं! तुझ्या दादाने नानांच्या खणातलं भिंग काढून वाचलं आणि विचारलं की ज्याला नाना सापडतील त्याने भिंगही बरोबर बाळगायचं का. दुसरा मोठ्या अक्षरात लिहिला, तर भोक पाडायला विसरले. तू बजावलं होतंस तरी. मग तो विळ्याच्या टोकाने टोकरायला गेले आणि त्याचे दोन तुकडे झाले.

तिसरा जमला. नानांच्या कापडी पिशवीला सकाळी अडकवला. संध्याकाळी तो मला केराच्या डब्यात सापडला. रात्री जेवताना नानांनी शांतपणे सांगितलं की महानगरपालिका कुत्र्यांना बिल्ले देते, त्यासाठी आधी लस टोचावी लागते, माझी अजून टोचलेली नाही. ताट अर्धं टाकून उठले. शालू, ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांना लाज वाटली होती, आणि ती मीच वाटायला लावली म्हणून मला रात्रभर झोप नाही.

दोन दिवस असेच गेले. मग काम केलं ते तुझ्या भाचीने. तुला आठवतं ना, नाना सोसायटीचे चिटणीस होते तेव्हा सगळ्या पाट्या तेच लिहायचे. फाटकावरची ‘येथे गाडी लावणाऱ्याने ती विसरून जावी’ ही अजून आहे, लोक लांबून बघायला येतात. ऋतुजाने त्यांच्यापुढे वही धरली आणि विचारलं की नाना, समजा कुणाचे तरी आजोबा फिरायला जातात आणि घरच्यांना काळजी वाटते, तर त्यांच्यासाठी पाटी कशी लिहाल? नानांनी पेन्सिल मागितली. अर्धा तास खोडलं, लिहिलं, पुन्हा खोडलं. जे झालं ते जसंच्या तसं उतरवते:

हे आजोबा हरवलेले नाहीत, फिरायला निघाले आहेत.
एकाच जागी फार वेळ उभे दिसल्यास मागील क्रमांकावर कळवावे.
चहा पाजू नये, दोन झालेले आहेत.
सल्ला देऊ नये, घेणार नाहीत.

आम्ही अख्खा कागद घेतला. ऋतुजाने नानांच्या देखरेखीखाली अक्षरं काढली, अनुस्वार चुकला म्हणून नानांनी एक ओळ पुसायला लावली. भोवती निळी चौकट, मागे आपला फोन ठसठशीत. भोक आधी पाडलं! ओव्हनमध्ये पाटी वळली तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. पाटी हळूच पाठ टेकून झोपली. अक्षरं बारीक झाली, पण चष्म्यावाल्याला वाचता येतील इतकी राहिली. नानांनी ती उन्हात धरून वाचली, स्वतःच दाद दिली, आणि स्वतःच्या पिशवीला अडकवली. ज्या कुणाच्या आजोबांसाठी लिहिली होती त्यांचं नाव कुणी काढलं नाही.

आता रोज संध्याकाळी फाटकापाशी पिशवी फिरवून दोन-चार जणांना वाचायला लावतात. तुझा दादा म्हणतो, कौतुक पुरे, कुलूप मी आणून ठेवलंय.

सगळ्यांना आशीर्वाद. पत्र लिहीत जा, बोटं झिजत नाहीत.

तुझी,
रुपालीवहिनी

एडिसन
५ ऑक्टोबर २००२

ती. सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

पाटी वाचून मी इतकी हसले की ऋषी धावत आला. मग तो गेल्यावर रडले.

वहिनी, रागावू नकोस. पाटी नानांसारखीच आहे, पण पाटी रस्ता ओलांडून देत नाही. कुणी वाचलीच नाही तर? वाचून हसून पुढे गेला तर? पुण्यातली माणसं पाटी वाचतात आणि तिला मार्क देतात, फोन करत नाहीत. मी इथून काही करू शकत नाही, म्हणून मला वाटतं की दादाचंच ऐकावं. निदान तुम्ही घरी नसता तेव्हा तरी कुलूप लावा. नाना माझ्यावर चिडले तरी चालतील. त्यांना सांग की शालूने सांगितलं.

माझ्या मनातलं लिहिलं. ते पटलं नाही तरी मला दूर लोटू नकोस.

तुझी,
शालू

॥ श्री ॥

नारायण पेठ, पुणे
१७ ऑक्टोबर २००२

चि. सौ. शालूस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझं कुलूप लावा म्हणणारं पत्र काल आलं. नाना आदल्याच दिवशी आपट्याची पानं वाटून झाले होते आणि ते पत्र आलं तेव्हा तुझ्या दादाला स्कूटरचा क्लच कसा दाबावा हे शिकवत होते. तेव्हा आधी श्वास सोड. नाना घरी आहेत, सुखरूप आहेत, आणि पूर्वीपेक्षा जास्त बोलताहेत. फोनवर अर्धवट सांगितलं आणि लाइन तुटली, म्हणून आता सगळं लिहिते.

सोमवारी खंडेनवमी होती. मी बालवाडीतून आले तर दार ओढून घेतलेलं आणि नाना नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्टही नाही. फ्रिजवर चितळ्यांकडच्या पेढ्यांचा बॉक्स ठेवला होता, तोही नाही. ओंकारेश्वर बघितला, नदीकाठ बघितला, सरुबाईंना विचारलं. यांना कचेरीत फोन केला. हे आले तेव्हा त्यांच्या हातात ते कुलूप होतं. कशासाठी आणलं होतं त्यांनाही माहीत नव्हतं.

मग फोन वाजला. पलीकडचा माणूस वऱ्हाडी हेल काढून विचारत होता की दोन चहावाले आजोबा तुमचेच का. शालू, मी तीनदा हो म्हटलं.

नाना हडपसरला पोचले होते! पालिकेच्या स्टॉपवरून बस पकडून, आयुष्यभर जात होते तसे, कारखान्याच्या यंत्रपूजेला. नोकरीत असताना त्यांनी एकही खंडेनवमी चुकवली नव्हती, तुला आठवतच असेल, आपल्याला घरी पेढे आणायचे ते. कारखाना पाडून तिथे आता कॉम्प्युटर कंपनीची काचेची इमारत झाली आहे. नाना त्या काचेपुढे उभे राहून गेट शोधत होते. तिथला रखवालदार ज्ञानदेव म्हणून वाशिमकडचा आहे. तो सांगत होता की बाबाजी बऱ्याच वेळचे उनात उभे राहून राहिले होते, म्हणून जवळ गेलो, तर पिशवीवरची पाटी दिसली. त्याने ती वाचली, हसला, परत वाचली. एकाच जागी फार वेळ उभे, ही ओळ वाचल्यावर त्याने मागे फिरवून फोन लावला. शालू, ती ओळ नानांनी अर्धा तास खोडून लिहिली होती.

पुढचं ऐक. आम्ही रिक्षाने धापा टाकत पोचलो तर नाना आत, गार हवेत, फिरत्या खुर्चीवर. त्या कंपनीतली मुलंही खंडेनवमी करतात म्हणे, कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालून. पण कुंकू लावायचं की नाही यावर त्यांचा वाद चालला होता, तो नानांनी मिटवला. पडद्याला नाही, खालच्या पेटीला लावायचं. सगळ्यांना पेढे वाटून झाले होते. आणि शेजारी चहा होता. मी पाटीकडे बोट केलं, तर नानांनी गंभीरपणे सांगितलं की पाटी पाजणाऱ्यासाठी आहे, पिणाऱ्यासाठी नाही.

येताना हे रिक्षात नानांचा हात धरून बसले होते. घर येईपर्यंत सोडला नाही. कुलूप आता स्कूटरच्या डिकीला लागलं आहे. नानांच्या सकाळच्या वेळेला खालच्या मजल्यावरच्या बायडाबाई लक्ष ठेवणार आहेत, आणि संध्याकाळचं फिरणं चालू आहे. तू लिहिलंस त्याचा मला राग नाही आला. तिथे बसून मीही तेच लिहिलं असतं.

आज चार दिवसांनी मला भूक लागली आहे, तेव्हा इथेच थांबते. खुशालीचं लिही, आणि पाकीट पाठवशील त्यात हे कागद आणखी पाठव.

तुझी,
रुपालीवहिनी

॥ श्री ॥

नारायण पेठ, पुणे
१२ नोव्हेंबर २००२

चि. सौ. शालूस,
नानांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

घरचे लोक माझ्याबद्दल तुला लिहितात, म्हणून म्हटले आपणही आपल्याबद्दल लिहावे.

हडपसरचा मजकूर तुला कळलाच आहे. कारखाना तिथे नाही हे मला माहीत होते की नव्हते, असे तुझा दादा संतोष विचारतो. नक्की सांगता येत नाही. बसमध्ये बसलो तेव्हा माहीत नव्हते. उतरलो तेव्हा आठवले. मग इथून घरी कसे जायचे ते आठवेना. तेव्हा भीती वाटली. तुला म्हणून सांगतो, फार वाटली. तो वाशिमचा मुलगा हसत आला तेव्हा गेली.

आणखी एक. ऋतुजाने कुणाचे तरी आजोबा म्हणून विचारले, तेव्हाच मला समजले होते कुणाचे ते. सूनबाई दाराआड उभ्या होत्या, त्यांची पावले दिसत होती. पण पोरीने मागणी रीतसर केली होती आणि मजकूर चांगला जमत होता. चांगला मजकूर वाया घालवू नये. सूनबाईंना हे सांगू नकोस, त्यांना वाटू दे की मी फसलो. त्यांनी माझ्यासाठी बोटे पोळून घेतली आहेत.

दिवाळीत मी स्वतः एक पाटी केली. लिहिली, रंगवली, भोक आधी पाडले. ओव्हनमध्ये ती वळू लागली तेव्हा सूनबाईंचा हात सवयीने प्लगकडे गेला. मी तो धरून ठेवला. सोबत पाठवत आहे. किल्ल्यांना लावावी. भिंग लागू नये म्हणून मोठे लिहिले आहे:

ही मुलगी हरवलेली नाही, संसाराला गेली आहे.
सापडल्यास नारायण पेठेत आणून सोडावी.
घाई नाही. मात्र वडील ओळखतात तोवर आणावी.

तुझ्या यजमानांना आशीर्वाद सांग. त्यांचे नाव आत्ता आठवत नाही, आठवले की खाली लिहीन. चि. ऋषीस गोड पापा. आमच्यावर रागावण्यासारखे काही केले नसेल, तर आहे ती माया तशीच ठेव.

तुझे,
नाना

ता. क. अभिनव.

एडिसन
२ डिसेंबर २००२

तीर्थरूप नानांस,
शि. सा. न. वि. वि.

पाटी मिळाली. शुद्धलेखनाची चूक शोधली, सापडली नाही.

पाटी घेऊन मी वकिलाच्या कचेरीत गेले आणि टेबलावर ठेवली. त्याने विचारलं की यावर काय लिहिलंय. मी इंग्रजीत सांगितलं. शेवटची ओळ मी दोनदा सांगितली. पाटी उलटसुलट करून बघत तो म्हणाला की तातडीच्या प्रवासाची परवानगी मागता येते, अर्ज करून बघू. परवा ती परवानगी आली. वर्षभर मी फक्त फोन करून विचारत होते, समोर जाऊन कधी बसले नव्हते.

ऋषीला घेऊन संक्रांतीच्या आधी पोचते. अभिनवला रजा नाही, पण त्याने सांगितलंय की तुमच्या ता. क.चा कागद तो पाकिटात ठेवणार आहे. दादाला म्हणावं विमानतळावर तुम्हाला घेऊनच ये, आणि वहिनीला म्हणावं, नाना फसले होते.

नाना, ओळखाल का, याची काळजी करू नका. मी ती पाटी गळ्यात घालूनच बाहेर येणार आहे. तुमचंच अक्षर आहे. वाचा, आणि आणून सोडली म्हणून ताब्यात घ्या.

तुमची,
शालू